खोटे आणि खोटे-खोटे

मराठीत 'खोटे' हा शब्द एकदा उच्चारला तर तो आरोप होतो. तोच लागोपाठ दोनदा उच्चारला तर खेळ सुरू होतो. "हा माणूस खोटा आहे" असे म्हटले की भांडण लागलेच समजावे. पण पाटावर भातुकली मांडून बसलेली एखादी चिमुरडी "हा खोटा-खोटा चहा आहे हं" असे म्हणत रिकामी कपबशी पुढे करते, तेव्हा घरातला सर्वांत सत्यनिष्ठ माणूससुद्धा ती ओठांना लावून जोराने फुर्र करतो, आणि त्याच्या सत्यनिष्ठेवर ओरखडाही उमटत नाही. एका शब्दाच्या द्विरुक्तीने एवढे अंतर कसे पडते? हा प्रश्न मला व्याकरणापेक्षा नीतीचा वाटतो. आणि या वर्षी तो माझ्यापुढे एका दीड फूट लांबीच्या गाडीने उभा केला.

ती गाडी कोणत्या जातीची, हे आधी सांगितले पाहिजे. त्यासाठी दिवाळीचाच दाखला घेऊ. मुले मातीचा किल्ला करतात. बुरूज होतात, तळे होते, मोहरी पेरून हिरवे रान उगवते. दरवाजापेक्षा उंच असा एक मावळा दरवाजात पहारा देत असतो आणि पायथ्याच्या वाटेने एक तांबडी मोटार शिवकालात खुशाल चाललेली असते. इतिहासाचा प्राध्यापकही शेजारच्या मुलांचा किल्ला पाहायला गेला तर त्या मोटारीवर हरकत घेत नाही. काळाची अशी सरमिसळ करून मनाजोगते जग उभारण्याचा छंद परदेशांत मोठी माणसेही करतात. त्यातल्या एका प्रकाराला 'स्टीमपंक' असे चमत्कारिक नाव आहे. के. डब्ल्यू. जेटर नावाच्या अमेरिकन लेखकाने १९८७ साली एका मासिकाला लिहिलेल्या पत्रात ते थट्टेने सुचविले आणि ते चिकटले. कल्पना साधी आहे. पेट्रोल आणि वीज यांच्या हाती सत्ता गेलीच नाही, वाफेचेच राज्य पुढे चालू राहिले, असे समजायचे. मग त्या जगातली मोटार कशी दिसली असती? ती पितळी असती, रिव्हेटांनी जडवलेली, नळ्यांनी वेढलेली आणि दातेरी चाकांनी भरलेली असती. अशा वस्तूंच्या छोट्या प्रतिकृती हौशी लोक महिनोन्‌महिने खपून तयार करतात.

मी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. राहणार गेवराईचा. सोलापूर-धुळे रस्त्यावरून जाणाऱ्यांना हे गाव बसथांब्यापुरते ठाऊक असते. वाफेची गाडी या गावी कधी आली नाही. म्हणूनच ती येथे असती तर कशी असती, हे करून पाहावे असे मनात आले. एका फुटाला एक इंच हे प्रमाण धरले. म्हणजे साडेपाच फुटांचा माणूस साडेपाच इंचांचा झाला, आणि बैलगाडीचे साडेचार फूट उंचीचे चाक साडेचार इंचांचे. मागे दोन मोठी चाके, त्यांना तुंबा, आरे आणि वरून लोखंडी धाव, अगदी आपल्या गाडीसारखी. पुढे एक लहान चाक. फ्रान्समध्ये क्युन्यो नावाच्या लष्करी इंजिनियराने १७६९ साली तोफा ओढण्यासाठी वाफेची गाडी केली, तीही तीनचाकीच होती. बॉयलरसाठी माळ्यावरचा जुना पितळी गडू आडवा केला. धुराड्याच्या तोंडाशी स्टोव्हचा बर्नर बसविला. सायकलच्या घंटेची वाटी बॉयलरवरचा घुमट झाली, आणि टाचण्यांची डोकी कापून ओळीने बसविली ती रिव्हेटे झाली. बॉयलर म्हणजे काय हे मला पुस्तकात शोधावे लागले नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे ज्या तांब्याच्या बंबाने आमच्या पिढीला अभ्यंगस्नान घातले, त्यात मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी असते. इंजिनाचा बॉयलर हा त्याच कुळातला. फक्त त्याचे झाकण घट्ट बंद आणि वाफेला बाहेर पडण्याची एकच वाट.

राहिली दातेरी चाके. बाजारातल्या एका घड्याळवाल्याने किल्लीच्या घड्याळांचे पोट रिकामे करून ठेवलेला एक डबाच मला देऊन टाकला. त्या घड्याळांची दुरुस्ती आता कोणी करून घेत नाही. या छंदातली रीत अशी की, ही चाके गाडीच्या अंगावर शोभतील तेथे बसवायची. मीही सात चाके बाजूच्या फळीवर मांडून पाहिली. फार सुंदर दिसत होती.

साटी जुळवून घेण्यासाठी गाडी घेऊन मी आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांचा जन्म बैलगाड्या करण्यात गेला. त्यांनी गाडी हातात घेतली, फिरवून पाहिली, चाकाच्या आऱ्यांवर समाधानाने बोट फिरविले. मग बाजूच्या फळीवर त्यांची नजर थांबली.

"गुरुजी, हे चाक काय करायलंय?"

"काही नाही मिस्त्री, ते शोभेचं आहे."

"शोभंचं हाय, तर मग दाते कशाला?"

वाचकहो, पस्तीस वर्षे मी वर्गात प्रश्न विचारले. पण इतका नेमका प्रश्न माझ्या हातून क्वचितच विचारला गेला असेल. शोभेला मिस्त्रींचा विरोध नव्हता. त्यांनी स्वतः कितीतरी गाड्यांवर वेलबुट्टी कोरली आहे. पोळ्याला बैलांची शिंगे रंगतात, अंगावर झूल चढते. त्या झुलीने नांगर ओढला जात नाही हे सर्वांना माहीत असते. पण झूल कधी असे म्हणत नाही की, मी बैलाचा खांदा आहे. गाडीवर कोरलेले फूल फूलच असते. दात्यांचे तसे नाही. दाते म्हणजे एक विधान आहे: मी कोणाला तरी फिरवतो आणि कोणीतरी मला फिरवते. जे चाक कोणाशीच जुळलेले नाही त्याला दाते असणे, म्हणजे न केलेल्या कामाचा दाखला छातीवर लावून हिंडणे.

एवढ्याशा खेळण्याला एवढा मोठा न्याय लावावा काय, असे कोणी म्हणेल. मीही स्वतःशी तसेच म्हटले. मग एक गोष्ट ध्यानात आली. ब्रिटनने १९९८ मध्ये दोन पौंडांचे एक नाणे चलनात आणले. त्याच्या एका बाजूला उद्योगयुगाची खूण म्हणून दातेरी चाकांचे एक कडे आहे, प्रत्येक चाक शेजारच्यात गुंतलेले. चाके मोजली तर ती एकोणीस भरतात. आता दोन चाके एकमेकांत गुंतली की एक उजवीकडे फिरते, दुसरे डावीकडे. कड्यातल्या चाकांची संख्या विषम असेल तर शेवटचे चाक पहिल्याला भेटते तेव्हा दोघांनाही एकाच दिशेने फिरायचे असते, आणि सगळे कडे जागच्या जागी अडकते. ज्या देशाने जगाला वाफेचे यंत्र शिकविले, त्याच्या नाण्यावरचे यंत्र फिरू शकत नाही! नाण्याचे मोल त्याने कमी झाले नाही, हे खरे. पण ते चित्र काढणाऱ्याने चाकाचा आकार पाहिला आणि चाकाचे काम पाहिले नाही, एवढे त्यातून कळते.

मग भातुकलीकडे परत वळलो. कारण खोट्या-खोट्याचे कायदे मुलांइतके कोणाला ठाऊक नाहीत. माझ्या नातीने एकदा मला खोटा-खोटा चहा दिला. मी कप उचलून तोंडाला लावणार तोच ती ओरडली, "आजोबा, अजून ओतला कुठंय!" तिने रिकामी किटली वाकडी केली, कप भरेपर्यंत धरली, मग म्हणाली, "आता प्या. हळू, गरम आहे." पाहा, चहा नाही हे दोघांनाही मान्य आहे. पण एकदा तो आहे असे ठरल्यावर त्याने ओतले गेले पाहिजे, तो गरम असला पाहिजे, सांडला तर पुसला पाहिजे. एक गोष्ट खोटी धरायची आणि पुढचे सर्व खरे वागायचे, हा त्या खेळाचा धर्म आहे.

आणि खऱ्या खोट्याचा, म्हणजे थापेचा, धर्म बरोबर याच्या उलट असतो. थापाड्या माणूस दहा गोष्टी खऱ्या सांगतो आणि अकरावी खोटी त्यांच्या गर्दीत लपवितो. त्याचे खोटे घराच्या आत दडलेले असते. खेळाचे खोटे दारावर पाटी लावून बसलेले असते. 'समजा' हा शब्द ती पाटी. गणितात आम्ही मास्तर लोक दिवसभर तीच लावतो. 'समजा, क्ष हे उत्तर आहे' असे म्हणतो. त्यात कोणी फसत नाही. पण त्यानंतरच्या पायऱ्यांत एक जरी चूक दडवली, तर ती लबाडी होते.

हा नियम हाती आल्यावर मी गाडीकडे नव्याने पाहिले आणि कामे वाढली. सातांतली चार चाके परत डब्यात गेली. उरलेली तीन एका ओळीत गुंतवायला मला आठ दिवस लागले. कारण निरनिराळ्या घड्याळांची चाके आकाराने कितीही जवळची असली तरी दात्यांचे अंतर सारखे नसेल तर जुळत नाहीत. आता मागचे चाक बोटाने फिरविले की ती तिन्ही फिरतात आणि शेवटचे शिटीची टोपी उचलते. वाफ नाहीच. पण वाफ असती तर काय झाले असते, ते झाले.

याहून अवघड प्रश्न पुढेच होता. वाफ आहे असे समजले, तर पाणी कुठून आणायचे? एक किलो चांगला कोळसा सहा-सात किलो पाण्याची वाफ करतो. म्हणजे वाफेच्या गाडीला जळणापेक्षा पाण्याची भूक कितीतरी पटींनी मोठी. जुन्या स्टेशनांत फलाटाच्या टोकाला हत्तीच्या सोंडेसारखा नळ आणि मागे उंच टाकी असे, ती याचसाठी. आणि ही गाडी मी चालविणार होतो बीड जिल्ह्यात! तालुक्याच्या उत्तर अंगाने गोदावरी वाहते हे खरे. पण १९७२ चा दुष्काळ ज्यांनी खडी फोडत काढला, त्यांच्या गावात हंड्यांच्या रांगेपुढून एक पितळी गाडी पाणी पीत कशी जाईल? दूर कशाला, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी पोचवावे लागले. त्या मार्गाची सुरुवात झाली होती एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने १८९७ साली सुरू केलेल्या बार्शी लाइट रेल्वेपासून. अडीच फूट रुंदीचे रूळ. लोक तिला खेळण्यातली गाडी म्हणत असतील. तिच्या वाटेने शतकानंतर तहान भागविणारे डबे गेले. हे आठवून मी माझ्या गाडीच्या मागे बसायच्या जागेपेक्षा मोठी अशी पाण्याची टाकी जोडली. गाडीचे देखणेपण त्याने कमी झाले. खरेपण वाढले.

पाण्यामागोमाग माणूस आला. आग आहे तर ती पेटती ठेवणाराही असला पाहिजे. या छंदातल्या सुंदर गाड्यांची चित्रे पाहावीत: मखमली बैठक, पितळी कठडा, उंच टोपीतला साहेब. काजळीचा ठिपका नाही, आणि फावडे हातात घेतलेला आगवाला बहुधा नाही. वाफेच्या युगाची ही आवृत्ती ऐकायला गोड आहे. पण ते युग तसे नव्हते. ते खाणीतल्या माणसांच्या फुप्फुसांवर आणि फायरमनच्या भाजलेल्या हातांवर चालत होते. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळात दख्खन उपाशी असताना या देशातून धान्याची निर्यात चालूच होती. रुळांना भूक कळत नसते. आमच्या भागाला हे निराळे सांगावे लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून ऊसतोडीला बिऱ्हाडे निघतात. ट्रकवर भांडी, सरपण, कोंबड्या आणि वर बसलेली लेकरे. साखरेच्या पोत्यावर त्यांचे चित्र नसते. तेव्हा ज्या गाडीत बसणाऱ्याला गादी आहे आणि चालविणाऱ्याला जागाच नाही, ती गाडी पुन्हा दातेरी शोभेच्या चाकासारखीच झाली. मी बॉयलरच्या मागे एक फळी टाकली, कोळशाची पेटी केली आणि साडेपाच इंचांचा एक माणूस उभा केला. त्याच्या डोक्यावर सावलीला पत्राही घातला. एवढी सुधारणा करण्याची मुभा कल्पनेला असावी.

शेवटचा प्रश्न मात्र सर्वांत नाजूक आहे. जो भूतकाळ घडलाच नाही तो घडविण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला चौदा डब्यांची गाडी सुमारे चारशे पाहुण्यांना घेऊन गेली. निजामाच्या मुलखात मनमाडहून जालना-परभणीकडे जाणारा लोहमार्ग शतक उलटता उलटता आला. परळीलाही आगगाडी पुष्कळ आधी पोचली. पण बीड शहराने आपली पहिली गाडी पाहिली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगरच्या बाजूने. आणि ती अर्थातच वाफेची नव्हती. गेवराईला अजून रूळ नाहीत. अशा गावातल्या माणसाने "आमच्याकडे वाफेची गाडी होती" असे पितळेत लिहून ठेवणे, ही इतिहासाची चोरी नव्हे काय? घडले नाही ते घडले म्हणून सांगणारे आणि त्यावरून माणसांना झुंजविणारे लोक कमी नाहीत. त्यांत आणखी एकाची भर कशाला?

याचे उत्तर मला एका फ्रेंच कादंबरीने सुचविले. ज्यूल व्हर्नने १८८० साली 'वाफेचे घर' अशा अर्थाच्या नावाची एक कादंबरी लिहिली. तीत इंग्रज साहेबांना घेऊन जाणारा वाफेचा एक पोलादी हत्ती आहे. सोंडेतून धूर सोडीत, मागे दोन चाकांवरची घरे ओढीत, तो कलकत्त्याहून उत्तरेकडे निघतो. त्या गोष्टीतला खलपुरुष कोण, तर आपले नानासाहेब पेशवे! व्हर्नच्या जन्मगावी, नांत शहरात, २००७ पासून बारा मीटर उंचीचा एक यांत्रिक हत्ती खरोखरच माणसांना पाठीवर घेऊन फिरतो आणि मुले त्याच्या सोंडेतल्या पाण्याने भिजून हसतात. त्या कल्पनेचे मला कौतुक आहे. पण न घडलेल्या भूतकाळातही कोणी गादीवर बसतो आणि कोणी खलपुरुष ठरतो, हे त्यावरून दिसते. कल्पनेचा मुलूख ओसाड म्हणून सोडला तर त्यावर दुसरा कोणी वस्ती करतो, आणि आपल्याला त्याच्या सोयीची जागा देतो. म्हणून आपणही तेथे जावे. घुसखोरासारखे नव्हे, पाटी लावून जावे.

मी तसेच केले. गाडीच्या पुढे फलक आहे: 'गेवराई - शहागड'. गोदावरी ओलांडली की पलीकडे शहागड लागते. तेवढीच तिची मजल. आणि गाडी उलटी केली की तळाच्या फळीवर बारीक अक्षरांत लिहिले आहे: 'ही गाडी कधीही धावली नाही.' एका स्नेह्यांनी ते वाचून नाक मुरडले. म्हणाले, "सगळी मजा घालवलीत की हो गुरुजी!" माझ्या नातीला तसे वाटले नाही. तिने ती ओळ मोठ्याने वाचली, गाडी सरळ केली, आगवाल्याच्या हातातले फावडे ठीक केले आणि शहागडची दोन तिकिटे मागितली. गाडी धावली नाही हे समजल्याने ती सुटायची थांबते, असे तिच्या मनातही आले नाही.

धावणार, धावणार म्हणून कागदावर धावलेल्या गाड्या आमच्या जिल्ह्याने पुष्कळ पाहिल्या. बीडच्या लोहमार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली. त्यानंतर जन्मलेली मुले बाप झाली तेव्हा गाडी आली. त्या तीस वर्षांतल्या कितीतरी भाषणांना दाते होते, पण ती कशात गुंतलेली नव्हती. ज्यांनी ती वाट पाहिली त्यांना खोटे आणि खोटे-खोटे यांतला फरक कोणी शिकवायला नको. एकाने माणूस वाट पाहत बसतो. दुसऱ्याने तो उठून कामाला लागतो, कानस शोधतो, दाते मोजतो.

या दिवाळीत तुमच्या दारातल्या किल्ल्याच्या पायथ्याशी मुलांनी मोटार उभी केली असेल, तर हसू नका आणि काढायलाही सांगू नका. एवढेच विचारा की, बाळांनो, शिवाजी महाराजांच्या राज्यात या मोटारीला पेट्रोल कुठून येते? मुले क्षणभर थांबतील, एकमेकांकडे पाहतील, आणि मग तळ्याच्या कडेला एक काड्यापेटी उभी करून सांगतील, "हा आमचा पंप." त्यावर पैसे पुढे करावेत, खोटे-खोटे, पण मोजून.